प्लग फेकण्याआधी वाचा

गाडी मिसिंग मारायला लागली की पहिली शंका प्लगवर येते, आणि ती रास्त असते. काढलेला प्लग काळाकुट्ट निघतो, नवा घातला की गाडी सुरळीत चालते, मिस्त्री पैसे घेतो, गिऱ्हाईक जातं. काही दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, कारण प्लग काळा कशामुळं झाला हे कुणी पाहिलेलंच नसतं. कोल्हापुरात गॅरेज चालवताना हे इतक्यांदा बघितलंय की आता कुणाच्या हातात नवा प्लग दिसला तर मी आधी जुना मागतो. काळा प्लग हा बहुतेक वेळा मूळ बिघाड नसतो, दुसऱ्या बिघाडाची ती खूण असते. ती वाचता आली तर पैसे वाचतात आणि मनस्तापही. दुचाकीवाल्यांना आणि पेट्रोल किंवा सीएनजी चारचाकी चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल असं जे अनुभवातून हाती लागलं, ते इथं लिहितो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळं त्याचा विषय यात नाही.

१. पाना उचलण्याआधी विचारा

'मिसिंग मारते' एवढ्यावर मी गाडीला हात लावत नाही. कधी मारते, कुठं मारते, कशानंतर मारायला लागली, हे मालकाकडून काढून घेतो. निम्मं निदान तिथंच होतं.

घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की झटके बसतात आणि सपाटीला गाडी गप्प चालते, अशी तक्रार असेल तर शंका इग्निशनवर जाते. इंजिनावर लोड आला की सिलिंडरात मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. गॅप झिजून रुंदावलेला प्लग किंवा थकलेली कॉइल सपाट रस्त्यावर कशीबशी निभावते आणि खंबाटकीच्या चढाला उघडी पडते.

याच्या उलट तक्रार असेल, म्हणजे सिग्नलला उभी असताना इंजिन धडधडतं आणि वेग घेतला की ठीक होतं, तर मी आधी हवेची गळती शोधतो. इनटेकचं रबर चिरलेलं असतं, व्हॅक्यूमचा पाइप सुटलेला असतो, टॅपेट घट्ट बसवलेला असतो किंवा आयडलच्या जेटमध्ये कचरा अडकलेला असतो. यात प्लगची चौकशी शेवटी.

गार इंजिनावर सगळं छान, पण दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर गाडी मिसिंग करत बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की पहिल्या किकला चालू होते, ही तक्रार कॉइलची असते, किंवा पिकअप कॉइलची, किंवा सीडीआयची. आतल्या तारेचं इन्सुलेशन गरम झालं की करंट धरून ठेवत नाही. मात्र अगदी असंच वागणारा आणखी एक दोष आहे आणि तो फुकटात सापडतो. गाडी बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. सुस्सकन हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. कॉइल विकत घेण्याआधी हे बघाच.

'परवा पेट्रोल भरलं तेव्हापासून' असं उत्तर आलं तर टाकीत पाणी आहे का ते तपासतो. फक्त पावसात होत असेल तर प्लगची कॅप आणि वायर.

२. प्लग कधी काढला, यावर तो काय सांगणार हे ठरतं

गाडी गॅरेजपर्यंत ढकलत आणली, चोक ओढून वीस किका मारल्या, आणि मग प्लग काढून 'बघा, ओला आणि काळा' असं म्हणण्याला अर्थ नाही. त्या वीस किकांनीच तो तसा झाला. आयडलवर बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीचा प्लगही काजळलेलाच दिसणार.

खरा रंग बघायचा तर इंजिन पूर्ण तापू द्या, मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगानं तीन-चार किलोमीटर चालवा, मग क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करा आणि गाडी कडेला घ्या. आयडलवर सोडू नका. इंजिन जरा निवल्यावर प्लग काढा. असा काढलेला प्लग त्या वेगाला सिलिंडरात काय चाललं होतं ते सांगतो. अर्थात हे रिकाम्या रस्त्यावर, मागंपुढं बघूनच करायचं. आणि चारचाकीत चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही, कारण स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते. तिथं सरळ चालवून यावं, थांबल्या थांबल्या इंजिन बंद करावं, तेवढं पुरतं.

३. काळा प्लग एका प्रकारचा नसतो

हा मुद्दा लांबणार आहे, कारण सगळा घोटाळा इथंच होतो.

काजळीनं प्लग बंद कसा पडतो ते आधी समजून घेऊ. कॉइल १२ व्होल्टचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट करते. मधल्या इलेक्ट्रोडपासून बाजूच्या इलेक्ट्रोडपर्यंत उडी मारण्याशिवाय त्या व्होल्टेजला वाट नसते, कारण मधे पांढरी सिरॅमिकची नळी असते आणि ती करंट जाऊ देत नाही. त्या नळीवर कार्बन चढला की कार्बनमधून करंट गुपचूप बॉडीला उतरतो. ठिणगीसाठी लागणारं व्होल्टेज तयारच होत नाही. आम्ही 'प्लग शॉर्ट झाला' म्हणतो ते याला.

हा कार्बन प्लगनं स्वतःच जाळून टाकायचा असतो. त्यासाठी त्याचं आतलं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापावं लागतं. तेवढं तापलं नाही तर काजळी साठत जाते. म्हणून पहिला प्रश्न असा की प्लगला तापायला वेळ मिळतो का?

दूध घालणाऱ्या मंडळींच्या गाड्या माझ्याकडं येतात. पहाटेची थंडी, चोक ओढलेला, दोन्ही बाजूंना कॅन, आणि दर पन्नास पावलांवर थांबा. त्यातल्या एका काकांनी एकदा वैतागून विचारलं, "मिस्त्री, गेल्या महिन्यात नवा प्लग टाकलाय की ओ, परत कसा गेला?" प्लग काढला. कोरडी, मऊ काजळी. बोटानं पुसली तर निघत होती. म्हणजे ऑइलचा संबंध नाही, पेट्रोल जास्त जळतंय एवढंच. एअर फिल्टर उघडला तर उसाच्या हंगामातल्या रस्त्याची सगळी धूळ त्यात होती. हवा कमी, म्हणून मिश्रण घट्ट. त्यात चोकची तार अडकून चोक अर्धवट ओढलेलाच राहत होता. फिल्टर बदलला, तार मोकळी केली, तोच प्लग साफ करून परत बसवला आणि त्यांना सांगितलं, "काका, रतीब संपला की परत जाताना हायवेनं या, जरा गाडी मोकळी सोडा." त्यांचा तो प्लग पुढं बरेच महिने चालला. नवा मी विकला नाही.

कोरड्या काजळीची कारणं अशीच असतात: तुंबलेला फिल्टर, अडकलेला चोक, झिजलेली कार्बोरेटरची सुई, वर राहिलेली फ्लोटची पातळी, गरजेपेक्षा थंड जातीचा (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा) प्लग, किंवा दमलेली ठिणगी जिच्यामुळं पेट्रोल पूर्ण जळतच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर आणि चोक गेले. तिथं हीच काजळी दिसली तर इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि गळका इंजेक्टर तपासायचा. गार इंजिन आहे असं सेन्सर खोटंच सांगत राहिला तर ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो.

दुसरा काळा प्लग ओला, तेलकट, चकचकीत असतो. बोटाला चिकटतो, पुसून जात नाही, वासही पेट्रोलचा येत नाही. हे इंजिन ऑइल आहे आणि ते सिलिंडरात शिरायला दोन मुख्य वाटा आहेत: खालून रिंगा, वरून व्हॉल्व्हचे सील. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळसर धूर येतो तर रिंगांकडं बघा. सकाळी चालू करताच, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा पिळला की धुराचा लोट येतो, तर सील. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण त्या ऑइलनं फट भरून काढली. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हची. अशा इंजिनाला जास्त गरम जातीचा प्लग घालून काही दिवस ढकलता येतं, पण रिंगांचं काम टळत नाही, हे मालकाला स्पष्ट सांगायचं.

तिसरा प्लग पेट्रोलनं भिजलेला. वास घेतला की कळतं. एक तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय, किंवा पेट्रोल येतंय आणि ठिणगीच नाही. ओव्हरफ्लो असेल तर चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारा म्हणजे जादा पेट्रोल निघून जातं. त्यानंही काही झालं नाही तर सातव्या मुद्द्याकडं चला.

४. पांढऱ्या प्लगची भीती जास्त बाळगा

काळा प्लग गाडी बंद पाडतो, पांढरा प्लग पिस्टन जाळतो. सिरॅमिकचं टोक खडूसारखं पांढरं पडलंय, त्यावर बारीक फोड आहेत, इलेक्ट्रोडच्या कडा वितळून गोल झाल्यात, असं दिसलं तर गाडी पुढं चालवू नका. हवा जास्त शिरतेय, पेट्रोल कमी पडतंय, टायमिंग जास्त आगाऊ आहे, किंवा प्लग नीट आवळलेला नसल्यानं त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. टोक ८५० अंशांच्या आसपास गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण त्या तापलेल्या टोकावरच पेटायला लागतं.

पण एक दुरुस्ती सांगतो. जुन्या मिस्त्री लोकांनी शिकवलेला चांगल्या प्लगचा 'बिस्किटी रंग' हा शिसंमिश्रित पेट्रोलच्या काळातला मापदंड आहे. २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आजच्या इंजेक्शनच्या निरोगी गाडीचा प्लग फिकट राखाडी, जवळपास पांढरटही दिसतो आणि त्यात काही वावगं नसतं. फोड, वितळलेली कडा, चकाकणारा काचेसारखा थर यांपैकी काही असेल तरच काळजी करायची. नुसता फिका रंग बघून जेट मोठा करणारे लोक चांगल्या गाडीचं ॲव्हरेज घालवतात.

५. नंबर बघून प्लग घ्या

आटे सारखे, लांबी सारखी, बसतोय म्हणून कुठलाही प्लग घालायचा नाही. प्लगला 'हीट रेंज' असते, म्हणजे तो स्वतःची उष्णता किती वेगानं हेडमध्ये सोडतो ते. आणि इथं एक मोठा खड्डा आहे: एनजीकेच्या नंबरात आकडा वाढला की प्लग जास्त थंड, बॉशच्या नंबरात आकडा वाढला की जास्त गरम. अगदी उलट. आमच्याकडं जुनी माणसं आजही 'मायकोचा प्लग द्या' म्हणतात. ती मायको म्हणजे बंगळूरची कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. दोन्ही कंपन्यांचे प्लग चांगले असतात. एकावरून दुसऱ्यावर जाताना मात्र आकडा अंदाजानं जुळवू नका, तक्ता बघा.

खोटे प्लगही बाजारात आहेत. खोक्यावरून कळत नाही. आटे खरखरीत, छपाई वाकडी, वरचा इलेक्ट्रोड मध्यावर नाही, असं दिसलं तर परत करा.

६. टू-स्ट्रोकचं वेगळं

चेतक, लुना, आरएक्स १०० अजून जपणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत, म्हणून एवढं सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळं थोडा तेलकट प्लग तिथं स्वाभाविक आहे. अंदाजानं 'जरा जास्त घाला, इंजिन टिकेल' म्हणून ऑइल ओतलं की प्लग जातो, सायलेन्सर तुंबतो. कंपनीनं सांगितलेलं प्रमाणच ठेवा आणि चांगलं टू-टी ऑइल वापरा. या गाड्यांत आणखी एक प्रकार होतो. चालती गाडी एकदम बंद पडते, प्लग काढला तर दोन्ही इलेक्ट्रोडच्या मधे कार्बनचा केसाएवढा धागा पूल बांधून बसलेला असतो. तो काढला की गाडी चालू. वारंवार होत असेल तर ऑइल, मिश्रण आणि सायलेन्सर तिन्ही तपासा.

७. हेडवर टेकवून दाखवलेली ठिणगी पुरावा नव्हे

प्लग काढायचा, कॅपमध्ये घालायचा, हेडला टेकवायचा, किक मारायची, ठिणगी दिसली की 'करंट आहे' म्हणायचं. सगळेच करतात, मीही करतो. ठिणगी नसेल तर त्यातून उत्तर मिळतं. ठिणगी असेल तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण बाहेरच्या मोकळ्या हवेत उडी मारणं सोपं आहे. सिलिंडरात पिस्टन वर आल्यावर दाब कितीतरी पट असतो, तिथं तीच ठिणगी मरते. म्हणून रंग आणि आवाज बघा. निळसर पांढरी, टचटच आवाज करणारी ठिणगी जोमदार. पिवळट, नारिंगी, बारीक, आवाज नसलेली ठिणगी दुबळी. त्याहून चांगलं म्हणजे गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर. तो फार महाग नसतो आणि मोठ्या गॅपवर उडी मारायला लावून कॉइलची खरी ताकद दाखवतो.

करताना काळजी घ्या. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिच्याजवळ ठिणगी पाडायची नाही. भोक बुजवा किंवा प्लग लांब धरा. हातानं धरू नका. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून दूरच राहावं.

सीएनजीवाल्यांसाठी याच जागी महत्त्वाची गोष्ट. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळं 'पेट्रोलवर मस्त, सीएनजीवर झटके' ही तक्रार आली की लोक लगेच किट उघडायला सांगतात. किटला हात लावण्याआधी प्लग आणि कॉइल बघा. दमलेलं इग्निशन पेट्रोलवर झाकून जातं आणि गॅसवर उघडं पडतं. सीएनजीवर प्लगही लवकर बदलावे लागतात आणि गॅप किटवाल्यानं किंवा कंपनीनं सांगितलेलाच ठेवावा लागतो.

८. प्लगपासून मागं मागं जा

प्लग ठीक निघाला की पुढचा मान कॅपचा. रबर चिरलंय का, आत हिरवट गंज आहे का, वायर कॅपच्या स्क्रूमध्ये नीट फिरवून बसलीय का. बऱ्याच दुचाकींच्या कॅपमध्ये रेझिस्टर असतो, साधारण ५ किलो-ओहमचा. मल्टिमीटर लावा, काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. ही स्वस्तातली वस्तू आहे आणि हिच्यामुळं किती चांगल्या कॉइल भंगारात गेल्या असतील याला गणती नाही.

गगनबावड्याकडून येणाऱ्या गाड्या पावसाळ्यात माझ्याकडं एकाच तक्रारीनं येतात. करूळ घाटातला पाऊस, पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी थेट हेडवर, आणि कॅपचं रबर सैल. कॅपच्या आत ओल गेली की करंट प्लगच्या पांढऱ्या भागावरून सरपटत बॉडीला उतरतो आणि तिथं पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ पडते. ती रेघ कॅपच्या आतही सापडते. एकदा ती पडली की पुसून उपयोग नाही, करंटला वाट सापडलेली असते. प्लग आणि कॅप दोन्ही बदला. नव्या कॅपच्या रबराला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावला तर पाणी शिरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येकानं हे करून घ्यावं असं मला वाटतं.

फाटलेली वायर शोधायची सोपी रीत म्हणजे अंधार. रात्री गॅरेजचे दिवे घालवून इंजिन चालू करा, स्प्रेनं पाण्याचा हलका फवारा वायरवर मारा. जिथून करंट गळतोय तिथं निळी ठिणगी नाचताना दिसते. मारुती ८०० सारख्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत तर ही रीत फारच उपयोगी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला गेलेली केसाएवढी चीर दिवसा दिसत नाही.

नव्या चारचाकीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि प्लग खोल विहिरीत असतो. कॉइल उपसली की विहिरीत वाकून बघा. ऑइल साठलेलं दिसलं तर हेडकव्हरच्या पॅकिंगमधून किंवा विहिरीच्या सीलमधून गळती आहे. ते ऑइल कॉइलचं रबर फुगवतं आणि तिथून करंट गळतो. कॉइल बदलून सील तसाच ठेवला तर नवी कॉइलही जाणार. पाणी दिसलं तर विचारा, 'वॉशिंग कधी केलं?' प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुतल्यावर दुसऱ्या दिवशी मिसिंग घेऊन येणाऱ्या गाड्यांची कमी नाही. आणि शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, तेही बघावं.

कॉइलची मोजमापं मल्टिमीटरवर घेता येतात. प्रायमरी अगदी कमी ओहम दाखवते, सेकंडरी हजारांत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. पण गार कॉइल बरोबर आकडा दाखवते आणि गरम झाल्यावर फसवते, म्हणून तक्रार गरम झाल्यावरची असेल तर गरम असतानाच मोजा. आणि बॅटरीचे टर्मिनल, बॉडीची अर्थिंग सुरुवातीलाच घासून आवळा. पांढरी बुरशी चढलेल्या टर्मिनलमागं लपलेली दुबळी ठिणगी कॉइल बदलून सुधारत नाही.

९. पैसे खर्च करण्याआधी अदलाबदल करा

जास्त सिलिंडरच्या गाडीत निदानाची ही सगळ्यात स्वच्छ रीत आहे. स्कॅनर लावला आणि कोड पी ०३०१ आला, म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. कोड सिलिंडर सांगतो, दोषी वस्तू सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, काहीही असू शकतं. पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवा, तिसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइल बदला. पी ०३०१ च राहिला तर प्लगांची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. कुठल्याच अदलाबदलीनं हलला नाही तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. पी ०३०० आला, म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही, तर पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती, अर्थिंग अशी सगळ्यांना सामाईक असणारी कारणं आधी बघा.

जुन्या रीतीनं चालू इंजिनावर एकेक कॅप उपसून 'कुठला सिलिंडर मेलाय' हे बघणं आता सोडून द्यावं. उघड्या राहिलेल्या वायरमुळं कॉइल आणि ईसीयू जळू शकतो, झटकाही बसतो. इंजेक्टरचं सॉकेट काढून बघा, तेच उत्तर मिळतं आणि पेट्रोलही न जळता सायलेन्सरकडं जात नाही.

दुचाकीत पल्सरवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. २००३ पासूनच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. त्यातला एक मेला तरी गाडी चालते, फक्त पिकअप आणि ॲव्हरेज उतरतं. समोर दिसणारा एकच प्लग बदलून 'फरक नाही पडला' म्हणणारे बरेच भेटतात. दोन्ही काढा, शेजारी शेजारी ठेवा. एक काळा आणि एक स्वच्छ असेल तर काळ्याची कॉइल बघा.

१०. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा

नुसता पेटलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा सांगतो की मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. कन्व्हर्टर आतून वितळतो आणि त्याची किंमत कॉइलच्या कित्येक पट असते. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या, टोइंग बोलवा.

११. साफ करणं आणि बसवणं

साधा प्लग एखाद वेळा साफ करून चालतो. पितळी ब्रशनं हलक्या हातानं, पेट्रोलनं धुऊन, हवेनं सुकवून. सिरॅमिकवर तारेचा ब्रश जोरात घासू नका, धातूच्या रेघा उठतात आणि करंटला त्याच वाटा होतात. इरिडियम प्लगला ब्रशही नको आणि पॉलिश पेपरही नको. त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, मोडतं. गॅप फिलर गेजनं बघा. बहुतेक दुचाकींत तो ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

प्लग नेहमी गार इंजिनावर काढा, आणि त्याआधी भोकाभोवतीची माती हवेनं उडवा, नाहीतर ती सिलिंडरात पडते. बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा, पाना लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या अनेकपट होतो. नवा वॉशरचा प्लग हातानं बसला की पान्यानं साधारण अर्धा फेरा. जुना परत बसवताना त्याहून बराच कमी, कारण वॉशर आधीच दाबलेला असतो.

१२. शेवटची विनंती

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये प्लग बदलला की जुने प्लग मागून घ्या. चारचाकी असेल तर कुठला प्लग कितव्या सिलिंडरचा हे मिस्त्रीकडून त्यावर लिहून घ्या, किलोमीटरचा आकडा टाका आणि डब्यात ठेवा. मिसिंग परत आलं की ते प्लग बरोबर घेऊन या. कुठलाही चांगला मिस्त्री ते बघून मगच गाडीला हात लावेल. न बघता नवा प्लग काढणाऱ्याकडं गाडी देऊ नका.